सफरचंद-चीजच्या वड्या ओल्या का राहतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट-सप्टेंबरात हिमाचल-काश्मीरची सफरचंदे बाजारात उतरली की मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत सफरचंदाच्या केक-पायच्या कृती सुरू होतात, त्या थेट नाताळपर्यंत. अलीकडे त्यांत एका अमेरिकन पदार्थाची भर पडली आहे. खाली मैदा-बटरचा खुसखुशीत पाया, त्यावर क्रीम चीजचा थर, त्यावर दालचिनी लावलेले सफरचंद आणि सगळ्यात वर मैदा-ओट्सचा रवाळ चुरा. चौकोनी टिनमध्ये भाजायचे, गार करायचे आणि वड्या पाडायच्या. फोटो देखणा असतो, कृती आठ-दहा ओळींत संपते, आणि घरोघरी निकाल साधारण एकच लागतो. पाया भिजलेला, चीज कडेला फाटलेले नि मधे पातळ, सफरचंदाचा लगदा आणि वरचा चुरा पिठूळ. करणाऱ्याला वाटते आपला हात बसला नाही. आम्ही दोघी बेकिंग शिकवतो आणि आमचे मत उलट आहे : हात बहुधा बरा असतो, छापलेली कृती अर्धवट असते.

नेहमीचा नमुना बघा. ‘मैदा १ कप, क्रीम चीज २ पाकिटे, सफरचंदे ३, ३५० अंशांवर ४० मिनिटे.’ अमेरिकन कप सुमारे २४० मिलीचा. आपली वाटी दीडशेपासून दोनशे मिलीपर्यंत काहीही. त्याच कपात मैदा हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅम बसतो, पिठाच्या डब्यात कप खुपसून भरला तर १५०. क्रीम चीजचे अमेरिकन पाकीट आठ औंसांचे, म्हणजे २२६ ग्रॅमचे. आपल्याकडे प्रत्येक कंपनीचे वजन वेगळे. आणि ३५० अंश हे फॅरनहाइट. आपल्या बहुतेक ओटीजींचे (घरगुती विजेच्या ओव्हनचे) बटण २५०पर्यंतच फिरते, मग लोक ते शेवटपर्यंत फिरवतात. खरा आकडा आहे १७७ सेल्सिअस. टिनचे माप तर कोणी देतच नाही. पुरवणीच्या संपादकांना एवढीच विनंती की ओव्हनमध्ये जाणाऱ्या पदार्थाची कृती ग्रॅममध्ये, टिनच्या मापासह आणि सेल्सिअसमध्ये छापावी, आणि ‘झाले’ हे कशावरून ओळखायचे त्याच्या दोन ओळी घालाव्यात. फोटो थोडा लहान केला तरी चालेल.

आता पदार्थाकडे. हा सगळा पाण्याचा हिशेब आहे. सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणी. क्रीम चीजला अमेरिकन नियमाने किमान ३३ टक्के स्निग्धांश लागतो आणि पाणी ५५ टक्क्यांपर्यंत चालते. अंड्यात तीन चतुर्थांश पाणी. २० सेंमी चौकोनी टिनसाठी सोललेल्या सफरचंदाच्या फोडी ४०० ग्रॅम, चीज ४०० ग्रॅम आणि दोन अंडी धरली, तर अर्ध्या लिटरहून जास्त पाणी आपण एका बिस्किटाच्या पायावर ठेवतो आहोत. यातले काही आधीच उडवून टाकावे लागते, काही स्टार्चमध्ये बांधावे लागते आणि उरलेले अंड्याने जागच्या जागी धरून ठेवावे लागते. कृतीतली प्रत्येक पायरी या तीनपैकी एका कामासाठी असते. हे ध्यानात असले की कुठली पायरी गाळता येईल आणि कुठली नाही, हे आपले आपल्याला कळते.

सगळी मापे २० सेंमी (८ इंची) चौकोनी, किमान ५ सेंमी उंच टिनसाठी. गोल टिन असेल तर २२ ते २३ सेंमी व्यासाचा घ्या, क्षेत्रफळ जवळपास तेच भरते. १५ सेंमीच्या चौकोनी टिनला निम्म्याहून थोडे जास्त साहित्य लागते, २३ सेंमीच्या टिनला सुमारे एक तृतीयांश जास्त. मोठा चमचा म्हणजे १५ मिली, छोटा म्हणजे ५ मिली.

पाया : मैदा १२५ ग्रॅम, पिठीसाखर ५० ग्रॅम, गार बटर १०० ग्रॅम. नेहमीचे पिवळे खारे बटर वापरणार असाल तर पुढे कुठल्याही थरात वेगळे मीठ नको, कारण अशा बटरमध्ये ३ टक्क्यांपर्यंत मीठ असू शकते. बटरऐवजी साजूक तूप घ्यायचे तर ८० ग्रॅमच घ्या, कारण बटरमध्ये पाणी असते, तुपात नसते. तुपाचा पाया थेट नानकटाईसारखा लागतो आणि आम्हाला तो जास्त आवडतो. घरचे लोणी मात्र नको. त्यात ताक किती राहिले आहे याचा अंदाज येत नाही. मैदा, साखर, बटर बोटांच्या टोकांनी चुरडून एकत्र करा, बेकिंग पेपर लावलेल्या टिनमध्ये वाटीच्या बुडाने सारखे दाबा, काट्याने टोचे मारा आणि १५ मिनिटे फ्रीजमध्ये ठेवा. पेपर दोन बाजूंनी टिनच्या वर येईल असा लावला की नंतर सगळे अखंड उचलता येते. मग १७० अंशांवर १८ ते २० मिनिटे, कडा सोनेरी आणि मधला भाग फिक्या बिस्किटाच्या रंगाचा होईपर्यंत.

इथे लोक घाई करतात. ‘नंतर पुन्हा ओव्हनमध्ये जाणारच आहे, तेव्हा भाजला जाईल,’ असा हिशेब असतो. तो भाजला जात नाही. ओल्या थराखाली असलेल्या पायाचे तापमान १०० अंशांवर चढत नाही, आणि शंभराच्या आत बिस्किटाला ना रंग येतो ना खुसखुशीतपणा. पहिल्या फेरीत जो भाजला तोच भाजला. मारी किंवा डायजेस्टिव्हचा पाया करायचा तर २०० ग्रॅम बिस्किटे आणि ८० ग्रॅम वितळलेले बटर, आणि तोही १० मिनिटे भाजूनच. पण बिस्किटाचा चुरा मुळात कोरडा, तो वरचे पाणी भराभर पितो. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचे असेल तर मैद्याचाच पाया करा.

सफरचंद. आपल्याकडे बाजारात सर्वाधिक दिसते ते डेलिशियस घराण्यातले. हिमाचलात स्थायिक झालेल्या अमेरिकन सत्यानंद स्टोक्स यांनी १९१६च्या सुमारास सिमल्याकडच्या कोटगढ भागात अमेरिकेतून आणलेल्या रेड डेलिशियसची लागवड केली आणि हिमाचलाच्या बागा पुढे त्याच वळणाने वाढल्या. बाजारातले ‘रॉयल’ त्याच वंशातले. नुसते खायला झकास, भाजायला कमजोर. फळातल्या पेशी एकमेकींना धरून ठेवतो तो पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ. आंबट फळात तो उष्णतेपुढे जास्त टिकतो, गोड फळात लवकर विरघळतो. म्हणून अमेरिकन कृतीत हिरवे, आंबट ग्रॅनी स्मिथ सांगितलेले असते आणि त्या जागी आपण रॉयल घातले की पंधराव्या मिनिटाला लगदा होतो. त्यात साखरही ग्रॅनी स्मिथच्या हिशेबाने घातलेली, म्हणजे गोडावर गोड.

उपाय अवघड नाही. परवडत असेल तर निम्मे आयात केलेले हिरवे आणि निम्मे गोल्डन (पिवळे गोल्डन डेलिशियस) घ्या. गोल्डन भाजल्यावर आकार बऱ्यापैकी धरते आणि त्याला स्वतःचा वासही असतो. फक्त रॉयल मिळत असेल तर घट्ट, वजनदार फळ निवडा. कापताना करकर आवाज येऊन रस दिसला पाहिजे. बोटाने चोळल्यावर फोडीची भुकटी सुटत असेल तर ते फळ शिऱ्यात घाला, इथे नको. साल काढाच, डेलिशियसची साल जाड असते आणि भाजल्यावर चिवट कागदासारखी दाताखाली येते. न सोललेली साधारण ५०० ते ५५० ग्रॅम घेतली की सोलून, गाभा काढून ४०० ग्रॅम फोडी हातात येतात. फोडी सव्वा सेंटिमीटरच्या चौकोनी. पातळ चकत्या फोटोत छान दिसतात, पण गोड सफरचंदाच्या चकत्या ओव्हनमध्ये विरून जातात.

रॉयलसाठी एक युक्ती. चिरलेल्या फोडींवर उकळते पाणी ओतून झाकण ठेवा, १० मिनिटांनी पूर्ण निथळा. गार फोडी पडल्या की पाणी पटकन सत्तरच्या आसपास उतरते. साठ ते सत्तर अंशांच्या पट्ट्यात फळातलेच एक विकर (एन्झाइम) जागे होते आणि पेक्टिनची वीण घट्ट करते. नंतर भाजताना त्या फोडी सहजी मऊ पडत नाहीत. ग्रॅनी स्मिथला याची गरज नाही.

मग फोडींना ३० ग्रॅम साखर आणि १ मोठा चमचा लिंबाचा रस चोळा (सगळे रॉयल असेल तर साखर २० ग्रॅम आणि रस २ मोठे चमचे) आणि चाळणीत, खाली भांडे ठेवून अर्धा तास ठेवा. खाली रस जमेल, तो फेकू नका, सफरचंदाची चव त्यातच आहे. पसरट पॅनमध्ये तो रस आणि १० ग्रॅम बटर मोठ्या आचेवर आटवा, दोन चमचे दाट पाक राहील इतका. त्यात फोडी घालून चार-पाच मिनिटे परता. फोडीच्या कडा काचेसारख्या झाल्या आणि मधे सुरी लावल्यावर अजून जरा अडली, की थांबा. १ छोटा चमचा दालचिनी पूड, चिमूटभर जायफळ आणि ५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर दोन छोटे चमचे पाण्यात कालवून त्यात घाला, मिनिटभर ढवळा. पॅनच्या बुडावरून चमचा ओढला की मागे वाट उघडी राहिली पाहिजे आणि दोन्ही बाजूंचा रस धावत येऊन ती बुजता कामा नये. ही खूण नीट पटेपर्यंत गॅस बंद करू नका. नंतर ताटात पसरून पूर्ण गार करा. गरम फोडी चीजवर घातल्या तर जिथे पडतात तिथले चीज आधी शिजते आणि त्या खाली बुडतात.

चीजचा थर : क्रीम चीज ४०० ग्रॅम, बारीक साखर ९० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर १० ग्रॅम, लिंबाचा रस १ छोटा चमचा, व्हॅनिला १ छोटा चमचा, २ अंडी (कवचाशिवाय सुमारे १०० ग्रॅम). आपली जाडी साखर चीजमध्ये विरघळत नाही, ती मिक्सरवर फिरवून घ्या. क्रीम चीज विकत घेताना डब्याच्या मागचा तक्ता वाचा. १०० ग्रॅममागे फॅट तीसच्या आसपास असेल तर उत्तम. वीस-बावीस असेल आणि पुढे ‘स्प्रेड’ लिहिलेले असेल, तर तो माल मुळात पावाला लावायला केलेला आहे. त्यात पाणी जास्त असते आणि ते स्थिरकांनी (स्टॅबिलायझरनी) धरून ठेवलेले असते. तेच घेतले असेल तर कॉर्नफ्लोअर २० ग्रॅम करा आणि फेटणे निम्म्यावर आणा, कारण जास्त ढवळल्यावर ते ताकासारखे पातळ होते आणि परत दाट होत नाही. पोळीला लावायचे खारट प्रोसेस्ड चीज स्प्रेड मात्र अजिबात चालणार नाही. चीज हा शब्द सोडला तर दोन्हींत काही समान नाही.

चीज आणि अंडी दोन्ही खोलीच्या तापमानाला आणून घ्या. मे महिन्यातल्या मुंबईत पाऊण तास पुरतो, डिसेंबरातल्या पुण्यात दोन तास लागतात. थंड चीजमध्ये गुठळ्या राहतात, आणि एकदा अंडे पडून मिश्रण पातळ झाले की त्या फुटत नाहीत. नुसत्या फिरत राहतात. म्हणून क्रम असा : आधी नुसते चीज लाकडी चमच्याने किंवा बीटरच्या सगळ्यात कमी वेगावर मऊ करा, मग साखर-कॉर्नफ्लोअर एकत्र चाळून घाला, मग लिंबू-व्हॅनिला, शेवटी एकेक अंडे. अंडे दिसेनासे झाले की लगेच हात थांबवा. केकसारखे फुगेपर्यंत फेटले तर आत शिरलेली हवा ओव्हनमध्ये थर वर उचलते, बाहेर काढल्यावर थर खाली बसतो आणि बसताना चिरतो. मिश्रण पाया कोमट असतानाच ओता म्हणजे दोन्ही एकमेकांना धरतात. पाया पूर्ण गार झाल्यावर ओतले तर कापताना चीज घसरून सुटते. टिन ओट्यावर दोन-तीनदा हलकेच आपटा, वर आलेले बुडबुडे सुरीच्या टोकाने फोडा.

चुरा : मैदा ७५ ग्रॅम, जाडे ओट्स ४० ग्रॅम, ब्राउन शुगर किंवा गूळ पावडर ६० ग्रॅम, गार बटर ६० ग्रॅम. झटपट शिजणारे ओट्स नकोत, त्यांचे पीठ होते. मुठीत दाबून गोळा करा आणि मग मोडा. हरभऱ्यापासून बोराएवढे खडे पडले पाहिजेत, वाळूसारखा भुगा नको. १५ मिनिटे फ्रीझरमध्ये. बटर मऊ असेल तर चुरा भाजण्याआधी वितळून सफरचंदात मुरतो, तो पिठूळ लागण्याचे कारण हेच. गूळ पावडर चुऱ्यात खमंग लागते, फक्त साखरेपेक्षा लवकर करपते. चीजच्या थरात गूळ घालू नका.

चीजवर आधी गार सफरचंद पसरा, मग चुरा. चुऱ्याचा थर फार जाड नको आणि टिनच्या कडेला बोटभर जागा मोकळी सोडा. वाफेला बाहेर पडायला वाट हवी. कोकण, मुंबई, गोवा अशा दमट हवेत आणखी एक बदल सुचवतो. चुरा वेगळ्या ट्रेमध्ये १७० अंशांवर १५ मिनिटे भाजून, गार करून हवाबंद डब्यात भरा आणि वाढताना वर घाला. फ्रीजमध्ये रात्रभर राहिलेला चुरा तिथे कितीही चांगला भाजला तरी सकाळी सादळतो. अशा वेळी टिनमध्ये सफरचंदाचा थर उघडाच भाजायचा आणि त्याची वेळ पाच मिनिटांनी कमी धरायची.

ओव्हन. बटणावर १७० लिहिले आहे म्हणून आत १७० असते असे नाही. लहान ओटीजीत वीस-तीस अंशांचा फरक सहज निघतो. आत ठेवायचा साधा थर्मामीटर घ्या. दोन्ही रॉड चालू, मधली जाळी, १५ मिनिटे आधी तापवलेला ओव्हन, १७० अंश, ३५ ते ४० मिनिटे. पंखा असेल तर १५५. लहान ओटीजीत २० सेंमीचा टिन भिंतींना जवळजवळ टेकतो आणि कडा आधी शिजतात. तसे असेल तर १५ सेंमीच्या टिनमध्ये निम्म्याहून थोडे जास्त साहित्य घालून करा. वरचा रॉड जवळ असल्याने चुरा वीस मिनिटांत काळवंडू लागला तर वर फॉइल सैलसर ठेवा. उलट शेवटपर्यंत फिका राहिला तर अखेरची पाच मिनिटे फक्त वरचा रॉड. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये खालच्या स्टँडवर ठेवा. धातूचा टिन फक्त कन्व्हेक्शनवर चालतो, मायक्रोवेव्ह किंवा कॉम्बिनेशनवर नाही. कुकरमध्ये हा पदार्थ करू नका. पाया आणि चीज कसेबसे होतील, पण वाफ आत कोंडते आणि वरचा चुरा भाजायला वरून उष्णताच नसते. चीजकेक पाण्याच्या परातीत ठेवून भाजण्याचा सल्ला उंच, नुसत्या चीजच्या केकसाठी आहे. इथे थर जेमतेम दीड सेंटिमीटरचा आहे आणि परातीची वाफ फक्त चुऱ्याचे नुकसान करते.

झाले कधी समजायचे? नुसत्या चीजकेकचा मधला भाग डोळ्यांना दिसतो, इथे तो सफरचंद आणि चुऱ्याखाली लपलेला असतो. काडी टोचून उपयोग नाही, सफरचंदाचा ओलावा लागून ती दर वेळी ओलीच निघते. टिन दोन्ही हातांनी धरून हलकेच हलवा. कडेपासून तीन-चार सेंटिमीटरचा पट्टा हलत नसेल आणि मधला भाग एकत्रित, जेलीसारखा थरथरत असेल तर बाहेर काढा. पातळ लाट उठताना दिसली तर आणखी पाच मिनिटे. टोचायचा थर्मामीटर असेल तर दोन फोडींच्या मधून तो चीजमध्ये जाऊ द्या. मध्यभागी ६६ ते ६८ अंश झाले की काम झाले. बाहेर काढल्यावर तापमान आणखी थोडे चढते.

आणि हे न सांगितल्याने सगळ्यात जास्त टिन वाया जातात : ओले दिसते म्हणून जास्त भाजले तर ते आणखी ओले होते. ७१-७२ अंशांच्या पुढे अंड्याची आणि चीजची प्रथिने आवळू लागतात आणि आत धरलेले पाणी पिळून बाहेर टाकतात. हे पाणी खाली पायात उतरते. कापल्यावर चीज रवाळ, त्यात बारीक भोके आणि तळाशी ओल दिसली, तर ते कच्चे नाही, जास्त शिजलेले आहे. कच्च्या थराची खूण वेगळी : चीज गुळगुळीत असते, पण सुरीला चिकटून वाहते.

क्रीम चीज महाग, म्हणून चक्का घालावा का, असे नेहमी विचारले जाते. घालावा, पण मग अमेरिकन कृती बाजूला ठेवून जर्मन घ्यावी. जर्मनीत असा केक क्वार्क वापरूनच करतात, आणि क्वार्क हा चक्क्याचा सख्खा भाऊ. तिकडची मराठी घरे श्रीखंडही त्याचेच करतात. क्वार्कमध्ये पाणी जास्त नि स्निग्धांश कमी, म्हणून जर्मन कृतीत व्हॅनिला पुडिंगची पावडर घालतात, म्हणजे मुख्यतः कॉर्नफ्लोअर. आपली कस्टर्ड पावडर तीच. मापे अशी : घट्ट चक्का ४०० ग्रॅम, मऊ बटर ६० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, अंडी २, कस्टर्ड पावडर २० ग्रॅम, लिंबू नाही. चक्का म्हशीच्या दुधाच्या ताज्या, गोडसर दह्याचा, फ्रीजमध्ये १० ते १२ तास टांगलेला. फडक्यातला गोळा ताटात ठेवल्यावर खाली पाण्याची कड दिसली तर अजून टांगा. पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढा आणि भाजण्याची वेळ दहा मिनिटे वाढवा. चव क्रीम चीजची येणार नाही. सफरचंदाबरोबर ही आंबूस चव आम्हाला किंबहुना बरी वाटते. वाटलेले पनीर मात्र कितीही फिरवले तरी जिभेला रवाळ लागते.

अंडे नको असेल तर क्रीम चीज ४०० ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्क २०० ग्रॅम, फ्रेश क्रीम ५० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर २० ग्रॅम, लिंबाचा रस २ छोटे चमचे, साखर नाही. इथे ‘झाले’ची व्याख्या पूर्ण बदलते. अंड्याचा थर सत्तरच्या आत जमतो, पण कॉर्नफ्लोअरला साखर-दुधाच्या मिश्रणात दाट व्हायला पंच्याऐंशीच्या आसपास जावे लागते. म्हणून हा टिन ४५ ते ५० मिनिटे ठेवायचा, कडेला बारीक बुडबुडे दिसेपर्यंत. अंड्याच्या कृतीतून फक्त अंडे काढून वेळ तीच ठेवली तर थर कधीच जमत नाही. छापील ‘एगलेस’ कृती फसतात त्या इथे.

ओव्हन बंद करून दार अर्धे उघडा, २० मिनिटांनी टिन जाळीवर काढा. तासाभरात कोमट झाला की फ्रीजमध्ये ठेवा. साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त आणि ३२ अंशांच्या वरच्या उन्हाळ्यात तासापेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका. दूध-अंड्याचा पदार्थ आहे. पूर्ण गार होईपर्यंत झाकू नका, नाहीतर झाकणाखाली घाम धरतो आणि तो चुऱ्यावरच टपकतो. किमान सहा तास, शक्यतो रात्रभर. त्याआधी कापले तर उत्तम जमलेली वडीही मोडते, कारण चीजमधला स्निग्धांश गार होऊन घट्ट झालेला नसतो. कापताना पेपर धरून सगळे एकदम उचला. लांब सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा आणि सरळ खाली दाबा, करवतीसारखी ओढू नका. प्रत्येक कापाला सुरी पुन्हा पुसायची. ५ सेंमीच्या १६ वड्या होतात. फ्रीजमध्ये तीन दिवस चांगल्या राहतात. फ्रीझरमध्ये ठेवायच्या तर पाया नि चीज एवढेच भाजून ठेवा. गोठलेले सफरचंद पुन्हा सैल झाले की आटवताना न गेलेले सगळे पाणी सोडते, म्हणून ते ताजे परतून वाढण्याच्या दिवशी वर घालावे.

आपल्या,
घरगुती बेकिंग शिकवणाऱ्या दोघी वाचक, पुणे